एकतीस तास दहा मिनिटं

बाबांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्यावर इथली वेळ, उजव्यावर धाकटीच्या गावची. आता ज्या माणसाने बेचाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, त्याने दोन घातली तर बिघडलं कुठे? शेजारपाजारच्यांना तर कौतुकच होतं. थोरलीला मात्र ते उजवं मनगट दिसलं की अंगाचा तिळपापड होई. घास घ्यायचा तो उजव्या हाताने, म्हणजे घासागणिक धाकटीचं दर्शन! बाबा जेवताना मध्येच थांबत, मनगट डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, “आता उठली असेल हं ती.” थोरली आत्ता काय करत असेल, हा प्रश्न बाबांना उभ्या जन्मात पडला नाही, कारण थोरली समोरच ओट्यापाशी उभी राहून त्यांचं दूध गाळत असे.

आई गेल्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून थोरली दिवसातून दोनदा बाबांकडे येई. सकाळी कामावर जाण्याआधी डबा घेऊन, संध्याकाळी सुटल्यावर औषधं आणि दुसरा डबा घेऊन. स्कूटरवर अकरा मिनिटं, साडेचार किलोमीटर. सहा वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता बाईने. तापात आली, नवऱ्याशी कडाकडा भांडून आली, आणि पायाला प्लास्टर होतं तेव्हा त्याच नवऱ्याच्या मागे बसून आली. बाबांना त्याचं काय? “आलीस? डबा ठेव तिथे.” झालं स्वागत!

आणि धाकटी? सहा वर्षांत तीनदा आली होती, मोजून तीनदा. ती यायची म्हटलं की बाबा आठवडाभर आधी पडदे धुवायला काढत, म्हणजे थोरलीला काढायला लावत. मग धाकटी दारात उभी राही, बाबांचे डोळे भरून येत आणि ते म्हणत, “एवढ्या लांबून आली गं पोर!” लांबून! जशी काही पोहत आली होती. बसल्या जागी जेवण, पायांवर पांघरूण, आणि कौतुक असं की जणू वाट तिनेच पाडली. पिकतं तिथे विकत नाही हे थोरलीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्यात तिचं कामच तिकिटांचं. बाजारातल्या एका दोन खोल्यांच्या कचेरीत ती विमानाची तिकिटं काढून देई. कुठून कुठे किती अंतर, किती वेळ, विमान कुठे बदलायचं, सगळं तिच्या बोटांवर होतं. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिने कागद ओढला आणि हिशेबच मांडला. आपलं अंतर: साडेचार किलोमीटर, दिवसातून चार वेळा, तीनशे पासष्ट दिवस, सहा वर्षं. झाले एकोणचाळीस हजार चारशे वीस. छाती अभिमानाने फुगली. मग धाकटीचं मांडलं. एका वेळचे तेरा हजार एकशे चाळीस, तीनदा येणं, तीनदा जाणं. अठ्ठ्याहत्तर हजार आठशे चाळीस. थोरलीने पुन्हा गुणाकार केला. बरोब्बर दुप्पट! सहा वर्षं चाकं झिजवून इथेही धाकटीच पुढे. तिने कागदाचे बारीक बारीक तुकडे केले. समोर बसणाऱ्या मालकीणबाईंनी विचारलं, “काय गं, कुणाचं तिकीट रद्द झालं?”

“माझंच,” थोरली म्हणाली.

अशात एका संध्याकाळी बाबा डबा उघडता उघडता म्हणाले, “चिमणीने बोलावलंय मला. महिनाभर या म्हणते.”

चिमणी म्हणजे धाकटी. थोरलीला लाडाचं नाव नव्हतं. ती ‘थोरली’च.

“शहात्तराव्या वर्षी?” थोरलीने विचारलं.

“म्हणूनच तर. सत्त्याहत्तराव्या वर्षी जमलं नाही तर? एकदा तिचं घर बघून येतो. तिकीट तूच काढ, दुसऱ्या कुणाचा मला भरवसा नाही. आणि नीट सांग, अंतर किती आणि वेळ किती. मला मोघम चालत नाही.”

आता, महिनाभर बाप धाकट्या मुलीकडे गेला तर आकाश कोसळणार होतं का? नव्हतं. हे थोरलीलाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पोटात दुखणं वेगळं. तिच्या डोळ्यांसमोर बाबा धाकटीच्या स्वयंपाकघरात बसले होते, धाकटी त्यांचं दूध गाळत होती आणि बाबा म्हणत होते, “तुझ्या हाताला चव आहे गं!” सहा वर्षांत थोरलीच्या डब्याला ते इतकंच म्हणाले होते की मीठ बघत जा.

दुसऱ्या दिवशी तिने पडद्यावर दोन्ही विमानतळ टाकले. सगळ्यात वर सगळ्यात चांगला प्रवास आला. विमान एकदाच बदलायचं, एकूण अठरा तास वीस मिनिटं. थोरलीने तो पाहिला आणि यादी खाली सरकवायला सुरुवात केली. बावीस तास, चोवीस तास, सव्वीस तास. शेवटच्या पानाला मालकीणबाई ‘शिक्षेचं पान’ म्हणत. तिथले प्रवास कधीच कुणी घेत नसे. दोनदा विमान बदलायचं, आधी उलट्या दिशेला जायचं, मग कुठल्याशा विमानतळावर अकरा तास बाकावर बसून राहायचं. एकतीस तास दहा मिनिटं. तिने तेच पान छापलं.

खोटं कुठे होतं त्यात? विमानं खरी, विमानतळ खरे, वेळा खऱ्या. संध्याकाळी तिने कागद बाबांच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, “चिमणी यायची तो मार्ग आता बंद झाला. याहून लवकरचं काही नाही.” खोटं म्हणाल तर इतकंच.

बाबांनी चष्मा लावला. उजवं मनगट, डावं मनगट, पेन्सिल. विमान सुटायचं इथल्या वेळेने, पोचायचं तिथल्या वेळेने. साधा माणूस गोंधळला असता, बाबांनी मात्र दोन मिनिटांत उत्तर काढलं. “एकतीस तास दहा मिनिटं. बरोबर छापलंय.” मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मुकाट जेवायला बसले. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणत थोरली घरी आली आणि त्या दिवशी नवऱ्याशी चक्क गोड बोलली. नवरा घाबरला.

चार दिवसांनी संध्याकाळी ती दार ढकलून आत गेली तर बाबा जागेवर नव्हते. आतल्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्या फटीत त्यांनी जेवणाची खुर्ची बसवली होती आणि त्या खुर्चीत ते ताठ बसले होते. पोटावरून, खुर्चीच्या पाठीमागून, पँटचा पट्टा घट्ट आवळलेला.

“अगं बाई! बाबा, हे काय?”

“बोलू नकोस. पाच तास चाळीस मिनिटं झालीत.”

“कसली?”

“सवय करतोय. एकदम एकतीस तास बसायचं म्हणजे चेष्टा आहे का? चिमणी सांगत होती, जागा एवढीच असते. म्हणून कपाट सरकवलं. दर दोन तासांनी दारापर्यंत फेरी, मग परत पट्टा. उद्या सात करणार.” आणि त्यांनी कोपरं अंगाला चिकटवून हात पुढे केले. “डबा असाच दे. जेवायचंही असंच असतं म्हणे.”

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या या गोष्टीने. तिच्या घरी बाबा सहा वर्षांत दोनदा आले होते. कधी बोलावलं की ठरलेलं उत्तर: स्कूटरवर पाय अवघडतात. अकरा मिनिटांत यांचे पाय अवघडतात, आणि चिमणीसाठी कपाटामागे स्वतःला बांधून घेतात! “बसा मग!” म्हणून तिने डबा त्यांच्या मांडीवर आदळला आणि निघून आली.

बाबा बसले. सात तास बसले, नऊ बसले, एका रविवारी चौदा बसले. ज्याने आयुष्य बाकड्यावर वाकून काढलं त्याला बसण्यात कोण हरवणार? पण सोमवारी सकाळी थोरली आली तर बाबा पलंगावर पडलेले, आणि पाय असे सुजलेले की घोटे दिसेनात. तिने बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. कोमट पाण्यात पाय ठेवून ती चोळत बसली, आणि कामावर उशीर झाला तरी उठली नाही.

“सोडा हा नाद बाबा. नाही झेपायचं.”

“मलाही तेच वाटलं,” बाबा म्हणाले. थोरलीचा जीव भांड्यात पडला. “चौदा तासांत ही गत, तर एकतीस तास म्हणजे एकदा कसंबसं होईल. परत यायचं काही मला जमणार नाही. म्हणून काल चिमणीला फोन करून सांगितलं, मी एकदाच येतो, मग तिथेच राहतो. ती म्हणाली, या बाबा, तुमची खोली तयार करते. तेव्हा तू एकेरी तिकीट काढ.”

थोरलीचे हात पाण्यातच राहिले. करायला गेली एक आणि झालं भलतंच! महिन्याच्या पाहुणचाराची गोष्ट होती, ती हिने आपल्या हातांनी कायमची करून ठेवली. बाबांचं जाणं तोडायला लांब रस्ता दाखवला, तर त्या रस्त्याने त्यांचं परत येणंच तोडलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर माणूस निदान लहानसा तरी बघतो.

“आणि माझं काय?” हे तिच्या तोंडून निसटलंच.

“तुझं काय? तुझी दगदग वाचेल,” बाबा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि हेच थोरलीला जास्त लागलं.

दिवसभर कचेरीत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खरं सांगावं तर आपली लबाडी उघडी पडणार. न सांगावं तर बाबा जाणार, कायमचे. त्यात एक कोडं तिला सुटत नव्हतं. धाकटी बोटाने फोन उघडून क्षणात बघू शकत होती की अठरा तासांचं विमान रोज उडतंय. तीनदा तीच त्याने आली होती. मग ओरडली कशी नाही? वेंधळीच पहिल्यापासून, थोरली मनात म्हणाली. स्वतःच्या बापाचा प्रवास सुद्धा बघितला नाही. दुपारी मालकीणबाई जेवायला गेल्या तशी तिने फोन लावला. धाकटीकडे तेव्हा भल्या पहाटेची वेळ होती.

“हे बघ,” थोरलीने आधीच आवाज चढवला, कारण चूक तिची होती, “बाबांच्या तिकिटाचा जरा घोटाळा झालाय. तो एकतीस तासांचा प्रवास...”

“घोटाळा नाही झाला ताई. तू केलास.”

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मला पहिल्याच दिवशी कळलं,” धाकटी म्हणाली. “बाबांनी फोनवर कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, ताई जळतेय. तुला फोन करून चांगली झापणार होते. पण मग म्हटलं, दोन दिवस मजा बघू. आणि काल बाबा म्हणाले, मी परत जाणार नाही, तिथेच राहतो.” ती थांबली. “मग माझ्या तोंडून शब्दच फुटेना.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं? तिकडे ते चौदा चौदा तास पट्टा बांधून बसले! पाय बघ जाऊन त्यांचे!”

“जाऊन कशी बघू? सांग ना, कशी बघू?” धाकटीचा आवाज फाटला. “तू रोज बघतेस. मला काय दिसतं माहितेय? रविवारी अर्धा तास बाबांचं कपाळ! त्यांना फोन नीट धरता येत नाही. सहा वर्षं मी एक कपाळ बघतेय, ताई. ते सांगतात, थोरली आली, दूध गाळतेय, थांब तिच्याशी बोलतो. आणि फोन टेबलावर उताणा ठेवून तुझ्याशी बोलत बसतात. मी तुमच्या छताकडे बघत बसते. तुला वाटतं तुलाच जळता येतं?”

भांडायचं सगळं सामान घेऊन आलेली बाई, आणि समोरच्याने आधीच दार उघडून ठेवलेलं.

“नको सांगूस ना त्यांना,” धाकटी म्हणाली. “येऊ दे की इकडे. तुझी सहा वर्षं झाली.”

“सांगणार.”

“मग मी गप्प बसले तेही सांगशील?”

“सांगेन नाही तर काय! तेवढंच चुकून सुद्धा विसरणार नाही,” असं म्हणून थोरलीने फोन ठेवला.

संध्याकाळी स्कूटरवरून जाताना तिची अवस्था चमत्कारिक होती. लाज वाटत होती, रागही येत होता. आणि या दोन्हींच्या खाली एक भलतीच गोष्ट गुदगुल्या करत होती. कुणीतरी आपल्यावर जळलं! आपल्या साडेचार किलोमीटरवर, गाळलेल्या दुधावर! जन्मात पहिल्यांदा. आणि हातात कोलीतही किती चांगलं होतं. चिमणीला सगळं ठाऊक होतं आणि ती गप्प बसली, एवढं एक वाक्य, की ते उजवं मनगट कायमचं मोकळं.

बाबा खुर्चीतच होते. पाय स्टुलावर, पण पट्टा बांधलेला. हट्टीपणात दोघी मुली कुणावर गेल्या हे वेगळं सांगायला नको.

थोरलीने आधी पट्टा सोडला. मग उभ्या उभ्याच म्हणाली, “बाबा, अठरा तास वीस मिनिटं लागतात. विमान एकदाच बदलायचं. तो मार्ग बंद झालेला नाही.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. खिशातला कागद काढला, उलगडला. घड्याळजीच तो, आधी वजाबाकी केली. “एकतीस दहामधून अठरा वीस गेले, राहिली बारा तास पन्नास मिनिटं. ती कुणाची?”

“माझी,” थोरली म्हणाली, आणि एकदा बांध फुटल्यावर मग थांबलीच नाही. “मला नको होतं तुम्ही जायला. महिनाभर सुद्धा नको होतं. मला जळायला होतं, बाबा. ती आली की तुम्ही रडता, मी आले की डबा ठेव म्हणता. तिच्यासाठी चौदा तास बसलात, माझ्या घरी अकरा मिनिटं बसून येववत नाही तुम्हाला. म्हणून शेवटचं पान छापून आणलं. आता बोला काय बोलायचं ते.”

बाबांनी सुजलेला पाय खाली घेतला, परत वर ठेवला.

“जाऊ नका, असं तोंडाने म्हणायचं की मग.”

“म्हटलं असतं तर थांबला असता?”

“नसतो थांबलो,” बाबा म्हणाले. “पण कुणीतरी जाऊ नका म्हणालं, एवढं बरोबर घेऊन गेलो असतो.”

थोरलीने पदर डोळ्यांना लावला. बाबांनी कागदाचा बोळा केला आणि तिच्या हातात दिला. “अठरा तासांचं काढ. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही. महिन्याने परत येतो. आल्यावर आधी तुझ्या घरी उतरव मला, चार दिवस राहीन. स्कूटर नको मात्र.”

थोरली हसली की रडली तिचं तिलाच ठाऊक. ती खुर्चीजवळ जमिनीवर बसली, फोन काढला आणि त्यावरच तिकीट काढायला घेतलं. सगळ्यात वरची ओळ, बाबांचं नाव, जाण्याची तारीख. तेवढ्यात बाबांच्या कपाळाला आठी पडली.

“पण काय गं, चिमणीला नव्हतं हे माहीत? ती तर येते-जाते त्या विमानाने. मी तिला अख्खा कागद वाचून दाखवला होता.”

थोरलीचं बोट पडद्यावर थांबलं. वाक्य जिभेवर तयार होतं. दुपारपासून घोळवून घोळवून गुळगुळीत केलेलं. ते बोलायचा हक्क तिचा होता आणि खोटं काहीच बोलावं लागणार नव्हतं. तिला ते टेबलावर उताणं पडलेलं फोनचं यंत्र आठवलं, आणि त्याच्या आत बसून यांचं छत बघणारी बहीण.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “तिला कुठून माहीत असणार? मी सांगितलं, तिने विश्वास ठेवला.”

“तेच म्हणतो.” बाबांचा चेहरा खुलला. “भोळी आहे गं ती. पहिल्यापासून तशीच. असलं काही तुलाच सुचायचं, तिला नाही जमायचं.”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिभेवरचं ते वाक्य तिने गिळलं, मग पुन्हा एकदा गिळलं.

“हो बाबा,” ती म्हणाली. “भोळीच आहे.” आणि परतीची तारीख घातली.